मानवी विचारप्रक्रियेच्या संशोधनात मानसशास्त्र किती लागते?

संगणक अभियांत्रिकी पूर्ण करून मानवी आकलनाची प्रतिमाने (माणसासारखा विचार करणारे संगणकीय प्रोग्राम) घडवण्याच्या संशोधनात शिरायचे असेल, तर प्रोग्रामिंगवर भागेल की मानसशास्त्रही शिकावे लागेल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते शिकावेच लागेल, आणि त्यातही प्रयोग कसा रचतात हे आधी.

हर्बर्ट सायमन यांची कारकीर्द पाहावी. शिकागो विद्यापीठातून १९४३ मध्ये राज्यशास्त्रात पीएच.डी. मिळवलेले सायमन, संस्थांमध्ये निर्णय कसे होतात हे तपासता तपासता, माणूस मुळात विचार कसा करतो या प्रश्नापाशी आले आणि ॲलन न्यूएल व क्लिफ शॉ यांच्यासह त्यांनी १९५५-५६ मध्ये तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारा ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा प्रोग्राम रचला. (त्यांना पुढे नोबेल मिळाले, तेही अर्थशास्त्राचे!)

न्यूएल आणि सायमन लोकांना कोडी घालत आणि सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगत. ‘डोनाल्ड अधिक जेराल्ड बरोबर रॉबर्ट’ (DONALD + GERALD = ROBERT) हे त्यातले गाजलेले कोडे. प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी वेगळा अंक शोधायचा. डी म्हणजे ५, एवढेच दिलेले. एककस्थानी पाच आणि पाच दहा, म्हणून टी शून्य, हातचा एक. दशकस्थानी दोन एल आणि तो हातचा मिळून आर येतो, तेव्हा आर विषम असणार. सगळ्या शक्यता धुंडाळून संगणक हे उत्तर चुटकीसरशी काढेल, पण त्यातून माणसाविषयी काहीच कळत नाही. सोडवणारा कुठे अडखळला, कोणती वाट अर्ध्यावर सोडून मागे फिरला, आणि आपला प्रोग्रामही तिथेच अडखळतो का, हे ओळीओळीने ताडून पाहणे हेच खरे काम, आणि ते वेळखाऊ आहे.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन अँडरसन यांची ‘ॲक्ट-आर’ ही मानवी विचारप्रक्रियेची प्रतिमाने घडवण्याची संगणकीय प्रणालीही याच वाटेची. तीत ‘अमुक स्थिती असेल तर तमुक कर’ असा एक नियम लागू व्हायला सुमारे ५० मिलिसेकंद धरतात, त्यामुळे प्रतिमानाला लागलेला वेळ माणसाच्या वेळेशी ताडता येतो.

तेव्हा प्रयोगरचना आणि संख्याशास्त्र यांची तयारी आतापासून करावी. गांधीनगर व कानपूरच्या आयआयटींत आणि अलाहाबाद विद्यापीठात या विषयाचे, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचे, शिक्षण मिळते. शिकण्याच्या प्रक्रियेतच रस असेल, तर मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जवळचे. मात्र केवळ चॅटजीपीटीमागे असतात तशी मोठी भाषिक मॉडेल्स घडवायची असतील, तर हा रस्ता विनाकारण लांबचा पडेल.