नोकरी ठाण्यात, घर गुहागरात: सरपंचपदाला उभं राहता येईल का?

तुम्ही विचारलंय की नोकरी ठाण्यात, मूळ घर गुहागर तालुक्यात, सातबाऱ्यावर नाव आहे. मग सरपंचपदासाठी गावात किती वर्षं राहिलेलं असावं लागतं?

वर्षांची अट कायद्यात नाही. 15 वर्षांचं जे कानावर येतं ते डोमिसाइल दाखल्याचं, उमेदवारीशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 13 प्रमाणे वय 21 पूर्ण हवं आणि नाव त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत हवं. जन्म 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास हवी. (जिल्हा परिषदेला जिल्ह्यातल्या कुठल्याही गटात नाव चालतं, विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात. सर्वांत घट्ट अट ग्रामपंचायतीची.)

आता तुमचं नाव ठाण्याच्या यादीत असणार. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, म्हणून नमुना 8 भरून ते गावी हलवावं लागेल. इथेच बहुतेक चाकरमानी अडतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 चं कलम 20 सरळ सांगतं की केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही. बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे स्थानिक कर्मचारी) चौकशीला आले आणि दाराला कुलूप, शेजारी म्हणाले "ते गणपतीला येतात", तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. नाव लागलं तरी विरोधक नमुना 7 भरून हरकत घेऊ शकतात. अर्जात राहण्याबद्दल जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेव्हा आधी खरोखर मुक्काम हलवा, मग अर्ज करा.

वेळेचं गणितही चुकतं. ग्रामपंचायतीसाठी वेगळी नावनोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी प्रभागवार फोडली जाते. त्या तारखेनंतर नाव लागलं तर हातात मतदार ओळखपत्र असूनही त्या निवडणुकीत उपयोग नाही. प्रारूप यादीवरच्या हरकतीत फक्त चुका दुरुस्त होतात: मूळ यादीतलं नाव सुटलंय, एका वाडीचे मतदार दुसऱ्या प्रभागात गेलेत, असं. नवं नाव तिथे घुसवता येत नाही. निवडणुकीची चाहूल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा काही महिने आधीच हे काम उरकलेलं बरं.

घरपट्टीकडे नीट बघा. रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर कलम 14 प्रमाणे अपात्रता येते. आपल्याकडे घर एक आणि हिस्सेदार चार, बिल थोरल्या काकांच्या नावावर, भरायचं कुणी हे कुणालाच ठाऊक नाही. एकत्र कुटुंबातल्या एकाची थकबाकी सगळ्यांना अपात्र करते, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. दिलासा एवढाच की नामनिर्देशनासाठी ठरलेल्या दिवसाच्या आधी रक्कम भरली तर अपात्रता धरत नाहीत. नमुना 8 चा उतारा (हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा, मतदाराच्या अर्जाचा नव्हे) काढून पाणीपट्टीसह सगळं भरा आणि पावती जपून ठेवा.

याहून मोठी अट निवडून आल्यावर सुरू होते, आणि तिच्याबद्दल फार कमी जण विचारतात. कलम 40: पंचायतीची रजा न घेता सदस्य लागोपाठ चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिला, किंवा लागोपाठ सहा महिने सभांना आला नाही, तर त्याचं पद जातं. रजाही सहा महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही. थेट निवडून आलेला सरपंचही पंचायतीचा पदसिद्ध सदस्य असतो. गौरी-गणपती आटोपून सप्टेंबरात निघालात आणि थेट मार्चात शिमग्याला उतरलात, तर मधे साधारण सहा महिने जातात. म्हणजे ज्या दोन सणांना आपण हमखास गावी येतो, त्यांच्या भरवशावर पद टिकत नाही.

मला विचाराल तर ही अट योग्यच आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, पावसात साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) वाहून जातो, तेव्हा दार ठोठावायला सरपंच गावात लागतो. ठाण्याची नोकरी सोडून किंवा निवृत्तीनंतर येणार असाल तर आवर्जून उभे राहा, गावाला माणसांची गरज आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार येऊन करायचा विचार असेल, तर कायद्याच्या चार महिन्यांत कदाचित अडकणार नाही, पण दर महिन्याची सभा आणि तालुक्याच्या कचेरीतली कामं कामाच्या दिवशीच असतात, एवढं धरून चला.