ससोबाची आंघोळ

प्रश्न : माझा दोन वर्षांचा मुलगा कापडी ससा क्षणभर सोडत नाही. कान चोखून काळे झालेत, आंबूस वास येतो. सासूबाई म्हणतात, फेकून नवा आणा. ऐन पावसात धुऊ कसा? – एक आई, चिपळूण

उत्तर : फेकू नका हो! नवा कितीही गोंडस असला तरी त्याला ‘आपला’ वास नसतो. पोरं बरोबर ओळखतात. आधी सशाचं पोट चाचपा. आत आवाजाची डबी असेल तर बुडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. डोळे ओढून बघा, सैल असतील तर आधी शिवा. कान सौम्य साबणाने, जुन्या मऊ ब्रशने घासा. मग उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि मशीनला हलक्या धुलाईवर लावा. सुवासिक कंडिशनर नको, कान तोंडातच जाणार आहेत.

खरी परीक्षा वाळवण्याची. कानाला चिमटा लावून टांगू नका, सगळं पाणी पायात उतरतं. पिळूही नका; पंच्यात गुंडाळून दाबा आणि पालथ्या रोवळीवर पंख्याखाली ठेवा, मधूनमधून उलटा. वरून सुका लागतो, पण आतला कापूस ओला राहिला की बुरशी धरते. तुमच्याकडच्या हवेत पाठीची शिवण थोडी उसवून कापूस वेगळा वाळवलेला बरा.

मुलाला शिंका येत असतील तर धुण्याआधी ससा पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा. धुळीतले किडे मरतात. एरवी त्यासाठी ६० अंशांचं पाणी लागतं, ते या कापडाला सोसेलच असं नाही. आणि हो, साबण लावायला मुलालाच बसवा, म्हणजे रडारड कमी.