ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे पेशींमधील संवाद कसा बिघडतो?

पुण्यात बारावीला जीवशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो, आणि बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत अशी असते की ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू म्हणजे निव्वळ विष. ते तसे नाही. त्यांपैकीच एक असलेले हायड्रोजन पेरॉक्साइड अत्यल्प प्रमाणात पेशीसाठी निरोपाचेच काम करते: ते वाढीच्या संदेशाला लगाम घालणाऱ्या काही फॉस्फटेज विकरांतील (एन्झाइममधील) सिस्टीन या अमिनो आम्लाचे तात्पुरते ऑक्सिडीकरण करते, त्यामुळे ती विकरे थांबतात आणि वाढीचा संदेश पुढे सरकतो.

ताण निर्माण होतो तो हे रेणू ग्लुटाथायोनसारख्या संरक्षकांना आवरेनासे झाल्यावर. रक्तवाहिनीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिच्या आतील अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून शेजारच्या स्नायुपेशींना सैल होण्याचा संदेश देतात. याच शोधाला 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा क्रियाशील रेणू वाढला की तो नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच गाठतो, दोहोंपासून पेरॉक्सिनायट्राइट बनते आणि संदेश पोहोचतच नाही. इतकेच नव्हे, तर पेरॉक्सिनायट्राइट नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराला लागणाऱ्या टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या सहकारकाचीही नासाडी करते, आणि मग तेच विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड तयार करू लागते.

शेजारील पेशींना थेट जोडणाऱ्या कनेक्सिन या प्रथिनाच्या मार्गिकांवरही ऑक्सिडेटिव्ह ताणाचा परिणाम होतो. हृदयाच्या स्नायूत त्या कमी झाल्या तर विद्युत्संदेशाचे वहन मंदावते आणि ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.