वाचकांचे प्रश्न : दहा क्रमांकाची जर्सी कोणाला द्यावी?

प्रश्न : आम्ही काही मित्र दर आठवड्याला एकत्र बसून रग्बीचे सामने पाहतो आणि दक्षिण आफ्रिकेचा फ्लाय-हाफ, म्हणजे दहा क्रमांकाची जर्सी घालून संघाची चाल ठरवणारा खेळाडू, कोण असावा, यावर दर वेळी वाद होतो. मला मानी लिबॉकचा खेळ मनापासून आवडतो. २०२३च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात त्याला जेमतेम अर्धा तास खेळवून हांद्रे पोलार्डला आणले, हा त्याच्यावर अन्याय नव्हता का? आणि आता साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू आल्यावर पोलार्डची गरज उरली आहे का? — एक वाचक, दादर

उत्तर : लिबॉकचा खेळ आपल्याला आवडतो, यात नवल काही नाही. त्याच विश्वचषकात मार्सेय येथे स्कॉटलंडविरुद्ध त्याने एका बाजूला पाहत दुसऱ्या बाजूला किक मारली आणि चेंडू नेमका कर्ट-ली आरेंद्सेच्या हाती पडून ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) झाला. मी तो क्षण पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी बचाव करणाऱ्यांइतकाच मीही त्याच्या नजरेमागे भलतीकडे गेलो आहे.

तरीही माझे उत्तर असे, की तो अन्याय नव्हता. स्क्रम-हाफकडून, म्हणजे घोळक्यातून चेंडू काढून देणाऱ्या खेळाडूकडून, चेंडू फ्लाय-हाफच्या हाती आला, की धावायचे, पास द्यायचा की किक मारायची, हे त्याला तत्क्षणी ठरवावे लागते. आणि तो निर्णय सामन्यागणिक, किंबहुना हवेगणिक, बदलतो. २१ ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी पॅरिसमध्ये पाऊस होता. इंग्लंड उंच किक मारून दक्षिण आफ्रिकेला मागे रेटत होते, आणि ओवेन फॅरेल मिळेल ती पेनल्टी गुणांत बदलत होता. लिबॉकनेही पेनल्टीवर ३ गुण मिळवले होते. त्यामुळे गोलखांबाकडच्या किक हुकल्या म्हणून त्याला काढले, असे म्हणता येणार नाही. निसरड्या चेंडूने हात मोकळे सोडून खेळणे त्या दिवशी शक्य नव्हते, आणि चेंडू दूर ढकलून मैदानाचा ताबा घेणारा माणूस हवा होता. ३१व्या मिनिटाला पोलार्ड आला. ६९व्या मिनिटापर्यंत इंग्लंड १५-६ असे पुढे होते, मग आर. जी. स्नायमनचा ट्राय झाला, पोलार्डने कन्व्हर्जन (ट्रायनंतरची गोलखांबाकडची किक) साधले आणि अखेरची दोन-तीन मिनिटे उरली असताना सुमारे ४९ मीटरवरून पेनल्टी मारून १६-१५ असा सामना जिंकून दिला.

या निवडीची किंमत मात्र वादात फारशी कोणी मोजत नाही. पोटरीच्या दुखापतीमुळे पोलार्ड मूळ संघात नव्हता. हुकर (स्क्रममध्ये पहिल्या रांगेत मधोमध असणारा खेळाडू) माल्कम मार्क्स जखमी झाल्यावर त्याच्या जागी दुसरा हुकर न घेता पोलार्डला बोलावले गेले. त्याआधी गोलखांबाकडच्या किक हा संघाच्या काळजीचा विषय झालाच होता, आणि पुढे आयर्लंडविरुद्धच्या १३-८ अशा पराभवातही लिबॉक आणि फाफ डी क्लर्क यांच्या हुकलेल्या किकमुळे मोलाचे गुण गेले. अंतिम सामन्यात हुकर बोंगी म्बोनाम्बी सुरुवातीलाच जखमी झाला आणि तेव्हा मुख्यतः फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा खेळाडू) म्हणून खेळणाऱ्या डिऑन फूरीला जवळजवळ पूर्ण सामना हुकर म्हणून खेळावे लागले. पोलार्डने चार पेनल्टींवर संघाचे सर्व १२ गुण मिळवले आणि न्यूझीलंडवर १२-११ अशी मात झाली. पण एका गुणाचा हा विजय उलटा फिरला असता, तर सारा दोष हुकर न घेणाऱ्यांच्या माथी आला असता. फ्लाय-हाफ निवडताना उरलेल्या बावीस जणांचा हिशेबही त्यातच होतो, म्हणून मी त्या धाडसाला दाद देतो.

साशाबद्दल मला शंका नाही. २०२५मध्ये दर्बान येथे अर्जेंटिनाविरुद्ध त्याने एकट्याने ३७ गुण मिळवले आणि पर्सी माँटगोमेरीचा ३५ गुणांचा विक्रम मोडला. तो चेंडू घेऊन बचावफळीच्या इतका जवळ जातो, की समोरच्याला त्याच्याकडे वळावेच लागते आणि शेजारी वाट मोकळी होते. माझ्या मते सुरुवात त्यानेच करावी. पोलार्डला मात्र राखीव फळीतून काढू नये, आणि पाऊस असेल तर त्यालाच आधी उतरवावे. लिबॉकला यात तिसरी जागा मिळते, हे लिहिताना मलाही वाईट वाटते.

प्रश्न : माझा मुलगा रग्बी शिकतो. किक चांगली आहे, म्हणून त्याला फ्लाय-हाफ करावे, असे प्रशिक्षक म्हणतात. हे योग्य का? — एक पालक, माहीम

उत्तर : एवढ्यावर ठरवू नये. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर जुलैच्या पावसात मुलांचा सराव मी पाहिला आहे. एक मुलगा चेंडू हाती येईपर्यंत त्याच्यावरच डोळे खिळवून होता आणि मान वर करेतो समोरचा त्याच्या अंगावर आदळला. त्याच्याच वयाची एक मुलगी चेंडू येण्याआधी दोनदा पलीकडे पाहून घेत होती. तिची किक बेताचीच होती, तरी दहा क्रमांकावर मी तिलाच खेळवले असते. आपला मुलगा चेंडू येण्यापूर्वी कुठे पाहतो, हे पुढच्या सरावाला कडेला उभे राहून पाहा. तो फक्त चेंडूकडेच पाहत असेल, तर त्याला एखादा हंगाम फुलबॅकला, म्हणजे सर्वांत मागच्या जागी, खेळवावे, असे प्रशिक्षकांना सुचवा. तिथून पूर्ण मैदान समोर दिसते आणि चांगल्या किकचाही उपयोग होतो.