अर्कचित्रं आणि फुकटातले बदल

प्रश्न: मी फ्रीलान्स अर्कचित्रं (चेहऱ्यातलं वेगळेपण वाढवून दाखवणारी चित्रं, म्हणजे कॅरिकेचर) काढते. चित्र पूर्ण झाल्यावर क्लायंट म्हणतात 'माझ्यासारखं वाटत नाही' आणि फुकटात बदल करायला लावतात. काय करू?

उत्तर: थेट फायनलवर जाऊच नका, आधी रफ स्केच दाखवा, ते ओके झालं की मगच रंग, आणि निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स घ्याच. फुकट बदल किती ते आधीच लिहून कळवा. आता साम्याचं, नुसतं नाक मोठं केलं की झालं असं नसतं हो, डोळे-नाक-तोंड यांच्यातली अंतरं बघा, चारचौघांपेक्षा जे वेगळंय तेवढंच वाढवा. वेगवेगळ्या अँगलचे फोटो मागवा, सेल्फी नकोच, जवळून काढल्यामुळे नाक उगाच मोठं येतं. आणि चित्र जाहिरातीत वापरणार असतील तर जास्त पैसे मागायला अजिबात लाजू नका!