कृषी पर्यटन केंद्रातील नौकाविहाराच्या तलावाच्या 7 मीटर उंच मातीच्या बांधाला धरण सुरक्षा कायदा लागू होतो का?

नाही, धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, तसेच 10 ते 15 मीटर उंचीच्या ज्या धरणांची लांबी किमान 500 मीटर किंवा साठवण किमान 10 लाख घनमीटर आहे किंवा जी आणखी काही अटींत बसतात अशांना लागू होतो, त्यामुळे पावसाळ्याआधीची व नंतरची पाहणी आपल्याला या कायद्याने सक्तीची नसली, तरी मालक म्हणून ती करावीच. मात्र ही उंची जमिनीपासून नव्हे, तर पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजतात. मराठवाड्यातील काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या पहिल्या पावसाआधी बुजवाव्यात. पायथ्याशी गढूळ पाझर दिसला, तर आतली माती वाहू लागली आहे असे समजून अभियंत्याला तातडीने बोलवावे. मासे अडवण्यासाठी सांडव्यावर जाळी (हा प्रकार सर्रास दिसतो) लावू नये.