गीझरच्या पाण्याला वास का येतो?

प्रश्न : आमच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे. सकाळी गीझरचा नळ सोडला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो; गार पाण्याला मात्र येत नाही. असे का?

उत्तर : हा वास बहुधा हायड्रोजन सल्फाइड वायूचा आहे. पाण्यातील सल्फेट या क्षारावर जगणारे आणि त्यापासून हा वायू तयार करणारे जीवाणू गीझरच्या कोमट टाकीत वाढतात आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा झिजताना त्यांच्या या क्रियेला हातभार लावतो, म्हणून गार पाणी निर्दोष असूनही गरम पाण्याला दुर्गंधी येते. पाणी काही तास 60 अंश सेल्सिअसच्या वर तापवून, हात भाजणार नाही याची काळजी घेत, सगळे सोडून द्यावे. तरीही वास राहिला, तर कारागिराकडून ॲल्युमिनियम-जस्ताचा दांडा बसवून घ्यावा. दांडा नुसता काढून मात्र टाकू नये, टाकी लवकर गंजेल. गार पाण्यालाही सांडपाण्यासारखा वास येऊ लागला, तर ते तपासून घेईपर्यंत कृपया पिऊ नका.